पोच कोण देणार?

अण्णा, म्हणजे माझे वडील, टपाल खात्यातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. अख्खी नोकरी सिंधुदुर्गात गेली. सध्या ते आमच्याकडे ह्यूस्टनला आले आहेत. माझा नवरा समीर सुट्टीच्या दिवशी नेमबाजीच्या रेंजवर जातो. त्याच्याकडच्या दोन पिस्तुलांपैकी एक त्याला विकायचं होतं आणि घ्यायला तयार होता त्याचा कॉलेजातला मित्र, जो आता ओहायो राज्यात कोलंबसला असतो. रविवारी जेवणं आटोपल्यावर समीर गमतीने म्हणाला, 'अण्णा, पार्सल बांधण्यात तुमचा हात धरणारा कोणी नाही. एक बांधून द्या.' तिथून जो वाद पेटला तो चहा दोनदा होईपर्यंत चालला. मी ऐकत होते, क्वचित मध्ये पडत होते. आठवला तसा तो इथे उतरवते.

अण्णा : बांधून देतो की. आत काय आहे?

समीर : नऊ मिलिमीटरचं पिस्तूल. रिकामं. गोळ्या पाठवायच्या नाहीत.

अण्णा : मग सुतळी राहू द्या कपाटातच. समीरराव, तुम्ही ते घेऊन पोस्टात जाणार होता?

समीर : नाही हो. पोस्टात नेलं तर गुन्हा होतो एवढं मला ठाऊक आहे. इथे 1927 सालापासून कायदा आहे : अंगावर लपवता येईल असं हत्यार, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, सामान्य माणसाने टपालाने पाठवायचं नाही. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मौज बघा, लांब नळीची रायफल किंवा शॉटगन मी त्याच पोस्टाच्या खिडकीवर देऊ शकतो. परराज्यात पाठवायची असेल तर ती परवानाधारक डीलरच्या नावाने जायला हवी, इतकंच.

अण्णा : त्यात मौज कसली? रायफल सदऱ्याखाली लपत नाही.

समीर : पण पेटीत दोन्ही सारखीच लपतात! आणि पोस्टाला बंदी असली तरी केंद्राच्या कायद्याने खाजगी वाहतूक कंपनीला बंदी नाही. त्याच पिस्तुलाची पेटी मी कुरियरने परराज्यातल्या डीलरकडे पाठवली तर कायद्याची हरकत नाही. एकच वस्तू, एकच पत्ता; पोस्टाच्या निळ्या पेटीत टाकली तर तुरुंग, कुरियरच्या तपकिरी गाडीत दिली तर काही नाही. याला तुम्ही कायदा म्हणणार?

अण्णा : मागच्या आठवड्यात तुम्ही मला डॅलसला नेलंत. सहाव्या मजल्यावरचं ते केनेडींचं म्युझियम. तिथून आल्यापासून मी त्यावरच वाचतोय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

समीर : केनेडींच्या मारेकऱ्याच्या, ऑस्वाल्डच्या रायफलीत?

अण्णा : रायफलीत अर्धं, रिव्हॉल्व्हरमध्ये अर्धं. रायफल त्याने शिकागोच्या दुकानातून जाहिरात बघून मागवली. दुर्बिणीसकट एकोणीस डॉलर पंच्याण्णव सेंट, वर दीड डॉलर टपालखर्च. ती खोट्या नावाने टपालपेटीवर आली, अगदी रीतसर, पोस्टाच्या पार्सलाने. रिव्हॉल्व्हर मागवलं लॉस एंजेलिसहून. ते पोस्टाने का नाही आलं? कारण तुमचा तो 1927 चा कायदा! मग ते रेल्वे एक्स्प्रेस कंपनीमार्फत आलं. दहा डॉलर आगाऊ, बाकीचे माल हाती पडताना. म्हणजे आमची व्हीपीपीच. दोन्ही पार्सलं निघाली एकाच दिवशी, 20 मार्च 1963 ला. नोव्हेंबरात रायफलीने राष्ट्राध्यक्ष गेले आणि रिव्हॉल्व्हरने एक पोलीस शिपाई.

समीर : मग हे माझ्याच बाजूचं झालं ना? पोस्टावरची बंदी त्याला अडवू शकली नाही. त्याने दुसरं दार शोधलं.

अण्णा : बंदी कुचकामी ठरली हे मला मान्य आहे. पण का ठरली ते बघा. 1927 च्या लोकांनी पार्सल कशातून जातं एवढंच पाहिलं. पार्सल घेणारा कोण, हे कुणी विचारलंच नाही. आमच्याकडे रजिस्टर्ड पत्र टपालपेटीत टाकून पोस्टमन निघून आला तर त्याच्यावर खटला होई. सही हवी. ज्याच्या नावाचं त्याची सही. तिथे खोट्या नावाच्या माणसाला हत्यार मिळालं आणि दोन्ही कागदांवर खरं नाव कुठेच नव्हतं.

मी : ते दार पुढे बंद झालं ना?

समीर : झालं, पण पाच वर्षांनी. टपालाने हत्यारं विकण्याविरुद्ध सेनेटर टॉमस डॉड यांनी विधेयक आणलं होतं ते केनेडींच्या हत्येच्या आधीच, ऑगस्ट 1963 मध्ये. ते रखडत राहिलं. एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग गेले, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी. मग ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी सही केली. तोच 1968 चा बंदूक नियंत्रण कायदा. आज मला ज्याने अडवलंय तो.

अण्णा : कसं अडवलंय, नीट सांगा. तक्रार ऐकायची तर अर्ज पूर्ण वाचावा लागतो.

समीर : बघा. मी काही व्यापारी नाही. घरातली एखादी वस्तू कधीतरी विकतो, म्हणून मला परवाना लागत नाही. टेक्सासमध्ये राहणाऱ्याला मी हे पिस्तूल सरळ विकू शकतो. पण घेणारा दुसऱ्या राज्यात राहत असेल तर थेट त्याच्या हातात देता येत नाही. त्याच्या राज्यातल्या परवानाधारक डीलरमार्फतच द्यायचं. डीलरकडे ते पोचलं की तो आपल्या वहीत नोंद करतो. मग माझा मित्र तिथे जाऊन 4473 नंबरचा फॉर्म भरतो, ओळखपत्र दाखवतो. डीलर एफबीआयच्या यंत्रणेकडे विचारणा करतो. गुन्हा, मनोरुग्णालयात सक्तीने दाखल केल्याचा आदेश, घरगुती हिंसाचाराची शिक्षा, असलं काही निघालं नाही तर पिस्तूल मिळतं. डीलरकडून पिस्तूल घ्यायला वय एकवीस लागतं.

अण्णा : आणि तुम्ही गाडीत घालून स्वतः नेऊन दिलंत तर?

समीर : हाच सगळ्यांचा गैरसमज! माझा मित्रसुद्धा म्हणाला, 'दिवाळीला येतोस ना, तेव्हाच घेऊन ये.' मी गाडीने नेऊ शकतो. रिकामं, कुलूपबंद, डिकीत. पण ओहायोत पोचून त्याच्या हातात ठेवलं तर गुन्हाच, पाच वर्षांपर्यंतची शिक्षा. तिथेही डीलरच्याच काउंटरवर ठेवायचं. सख्ख्या भावाला द्यायचं असतं तरी नियम हाच. मोठा अपवाद वारसाहक्काचा. मृत्युपत्राने किंवा वारस म्हणून आलं तर राज्याची सीमा आड येत नाही.

अण्णा : म्हणजे कायद्याला पेटी कोणत्या गाडीतून गेली याचं फारसं वाटत नाही. शेवटच्या हाताआधी एक जबाबदार हात हवा, एवढंच त्याचं म्हणणं. मग बिघडलं कुठे? पाठवा कुरियरने त्या डीलरकडे.

समीर : इथेच तर खरी गंमत आहे. कायदा म्हणतो पाठवा. कंपन्या म्हणतात घेणार नाही. यूपीएस, फेडएक्स, दोघींचाही आता नियम असा की हत्याराचं पार्सल फक्त परवानाधारकाकडून आणि तेही आधी करार केला असेल तरच. माझ्यासारख्याने नेलं तर खिडकीवरूनच परत. संसदेने 1968 मध्ये उघडं ठेवलेलं दार कंपन्यांनी आपल्या नियमपुस्तकातून बंद केलं.

अण्णा : मग पाठवणारे पाठवतात कसे?

समीर : इथल्या डीलरकडे जायचं. तो पिस्तूल आपल्या वहीत जमा करणार, माझ्याकडून शुल्क घेणार आणि तिकडच्या डीलरला पाठवणार. तिकडचा पुन्हा जमा करणार, मित्राकडून शुल्क घेणार. आणि आता ऐका, इथला डीलर ते कशाने पाठवू शकतो ठाऊक आहे? पोस्टाने! डीलर-टू-डीलर पार्सल पोस्ट घेतं. 1508 नंबरचा एक फॉर्म भरून दिला की झालं.

अण्णा : (हसून) म्हणजे शेवटी आमच्याच खात्यात आलं म्हणायचं!

समीर : हसू नका. जी वस्तू माझ्या हातून पोस्टाला चालत नाही ती त्याच्या हातून चालते. माझं नाव, पत्ता, फोन सगळं खरं आहे. मला वीस वर्षांत वाहतुकीचा दंडही झालेला नाही. मग मी संशयित का?

अण्णा : तुम्ही संशयित नाही. तुम्हाला विचारता येत नाही, एवढंच. त्या डीलरच्या दुकानात सरकारी माणूस जाऊन वही तपासू शकतो. तुमच्या कपाटाची झडती तो तशी घेऊ शकत नाही, आणि घेऊही नये. परवाना म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे, समीरराव. परवाना म्हणजे 'मला विचारा' असं लिहून देणं. डीलरने ते लिहून दिलंय, तुम्ही दिलेलं नाही.

मी : अण्णा, ते 'आवक-जावक' म्हणायचे ना तुम्ही?

अण्णा : तेच. त्या डीलरची वही म्हणजे आपली बारनिशी. आवक कुठून, जावक कुठे, तारीख, नंबर. हत्यार उद्या गुन्ह्यात सापडलं तर पोलीस कुठून सुरुवात करणार? नंबरावरून कारखाना, कारखान्याकडून दुकान, दुकानाच्या वहीतून गिऱ्हाईक.

समीर : तसंच करतात. वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला हत्यारांचा माग काढणारं सरकारी केंद्र आहे. पण मालकांच्या नावांची देशभराची एक यादी सरकारने करायची नाही, असं 1986 च्या कायद्याने बजावलंय. आणि ते मला योग्य वाटतं. यादी झाली की एक दिवस तीच यादी घेऊन कोणी दारात उभं राहतं.

अण्णा : आमच्या गावात दर निवडणुकीला उभं राहायचं. तुमच्या आजेसासऱ्यांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. रानडुकरं, माकडं यांच्यासाठी. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा, निकालानंतर परत. ते वारले तेव्हा बंदूक घरात ठेवण्याचा अधिकार आम्हाला आपोआप आला नाही. ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा आणि वारसाने स्वतःच्या नावाने परवाना मागा, असा नियम. विकायची म्हटली तर घेणाऱ्याकडे परवाना हवाच, शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबायचं.

समीर : म्हणजे तुमच्याकडे हत्यार ही सरकारने दिलेली सवलत. इथे तो घटनेतला हक्क आहे. 2008 च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घरात पिस्तूल बाळगणं हा व्यक्तीचा हक्क आहे. 2022 च्या ब्रुएन निकालाने तर निर्बंधांना देशाच्या इतिहासात आधार दाखवा, अशीच अट घातली. त्यानंतर तो 1927 चा कायदाही डळमळलाय. जानेवारी 2026 मध्ये न्याय खात्याच्याच कायदेविषयक कार्यालयाने मत दिलं की पिस्तुलांना लावला जाणारा हा टपालबंदीचा कायदा घटनेशी विसंगत आहे.

अण्णा : मत दिलं. कलम रद्द झालं का?

समीर : खात्याचं मत म्हणजे संसदेचा ठराव नव्हे, न्यायालयाचा निकालही नव्हे. म्हणून तर मी अजून पोस्टात गेलेलो नाही.

अण्णा : शहाणपणाचं केलंत. मतावर विसंबून खिडकीवर जाणारा माणूस पहिला अडकतो. मत बदलतं, कलम छापलेलंच राहतं.

समीर : पण एक सांगा. ती बंदी उद्या गेली आणि मी पोस्टाने थेट ओहायोच्या डीलरला पाठवलं, तर नुकसान काय? तिथे वही आहे, फॉर्म आहे, तपासणी आहे. तुमचा जबाबदार हात जागच्या जागी आहे. मधला इथला डीलर फक्त माझे पैसे घेतो.

(अण्णा जरा वेळ बोलले नाहीत. मी दुसरा चहा ठेवायला उठले.)

अण्णा : हे मात्र मला खोडता येत नाही. पलीकडे पोच देणारा पक्का असेल तर अलीकडे कोणी पेटी आणून दिली याने फार फरक पडू नये. उलट, कायद्याने दिलेली वाट कंपनीने आपल्या सोयीसाठी बंद करावी हे मला पटत नाही. वाट ठेवायची की बुजवायची, हे लोकांनी निवडून दिलेल्यांनी ठरवावं. कुरियरच्या व्यवस्थापकाला ते कोणी विचारलं?

समीर : चला, एक तरी मुद्दा पदरात पडला.

अण्णा : थांबा. माझी भीती वाटेतली आहे. पार्सलं फुटतात, हरवतात, क्वचित खात्यातलीच माणसं हात मारतात. पुस्तक गहाळ झालं तर भरपाई देता येते. हे गहाळ झालं तर?

समीर : म्हणूनच पेटीवर 'आत हत्यार आहे' अशी चिठ्ठी लावायला वाहतूक कंपनी भाग पाडू शकत नाही, असं कायद्यातच आहे. आणि घेणाऱ्याची लेखी पोच घेतल्याशिवाय त्यांनी पार्सल सोडायचं नाही, हेही.

अण्णा : कायद्यात आहे? पोच? मग तो कायदा लिहिणाऱ्यात कोणीतरी टपालवाला असणार.

समीर : (हसत) आता माझ्याकडून एक कबुली. तुम्ही विचारलं नाहीत, तरी देतो. ओहायोच्या मित्राला, ज्याला मी पंचवीस वर्षं ओळखतो, त्याला देताना दोन वह्या, एक फॉर्म, एक तपासणी. पण हेच पिस्तूल मी उद्या ह्यूस्टनमधल्या अनोळखी माणसाला एखाद्या दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये विकलं तर टेक्सासमध्ये यातलं काहीही नाही. तो टेक्सासचाच आहे आणि त्याला हत्यार ठेवायला बंदी आहे असं मानायला मला कारण दिसत नाही, एवढं पुरे.

अण्णा : काय सांगता! वहीत नोंद नाही? सही नाही?

समीर : नाही. कॅलिफोर्नियात, न्यूयॉर्कमध्ये असा खाजगी व्यवहारही डीलरमार्फतच करावा लागतो. कॅलिफोर्नियात वर दहा दिवस थांबायचं. न्यू जर्सीत पिस्तूल घेण्याआधी पोलिसांची परवानगी. इथे नाही. मी स्वतः अनोळखी माणसाला विकत नाही, पण ते माझं मी ठरवलंय. कायद्याने नव्हे.

अण्णा : मग इतका वेळ आपण भलत्याच दाराशी भांडतोय. पार्सलावर चार कुलपं, आणि हातोहात देण्याला उंबरठाही नाही!

मी : तपासणीच्या दारातही फट आहे, अण्णा. एफबीआयकडून तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर डीलर पिस्तूल देऊ शकतो. 2015 मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्या तरुणाला हत्यार असंच मिळालं होतं. आणि उलटंही आहे. आम्ही दोघं एच-वन-बी व्हिसावर होतो तेव्हा समीरला पिस्तूल घेता येत नव्हतं, काही मोजके अपवाद सोडले तर. ग्रीन कार्ड आल्यावर तोच माणूस चालायला लागला. माणूस बदलला नव्हता, कागद बदलला होता.

अण्णा : कागदच माणसाला ओळखतो, बाळ. चुकीचा ओळखतो कधी कधी. पण कागदच नसेल तर कोणीच ओळखत नाही. समीरराव, तुम्ही नियम कमी करा म्हणता, मी वाढवा म्हणत नाही. मी म्हणतो, जागा बदला. पाठवणाऱ्याच्या मागे लागणं कमी करा आणि घेणाऱ्याची पोच प्रत्येक व्यवहारात घ्या. पोस्टाने असो, कुरियरने असो, की हातोहात.

समीर : पहिल्या अर्ध्यावर माझी सही. दुसऱ्या अर्ध्यावर आमच्या रेंजवरचे निम्मे लोक मला वाळीत टाकतील.

अण्णा : आणि तुम्ही?

समीर : मी... विचार करतो. हक्काच्या वस्तूसाठी दर वेळी कोणाची तरी परवानगी मागायची, हे मनाला टोचतं. पण माझं जुनं पिस्तूल कुठे आहे, हे मला सांगता यावं, असंही वाटतं.

वाद इथे थांबला, मिटला नाही. मला विचाराल तर मी अण्णांच्या बाजूला झुकते, पण समीरच्या एका वाक्यासकट. 1927 ने पार्सलाचं वाहन मोजलं आणि ऑस्वाल्डचं रिव्हॉल्व्हर दुसऱ्या वाहनातून आलं. 1968 ने घेणाऱ्या हाताला विचारायला सुरुवात केली आणि जिथे तो हात डीलरचा असतो तिथे कायदा बऱ्यापैकी चालतो. मोडतो तो तिथे, जिथे दोन माणसं समोरासमोर उभी असतात आणि वही कुणाकडेच नसते. प्रामाणिक विक्रेत्याला चार खिडक्या फिरवून ही उणीव भरून निघत नाही.

अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांत अशी वस्तू आहे त्यांना एवढंच सांगणं : ती पेटीत घालण्याआधी घेणाऱ्याच्या राज्यातल्या डीलरला फोन करा. तो खाजगी माणसाचं पार्सल घेतो का, त्याचा परवाना चालू आहे का, त्याच्या राज्याचे वेगळे नियम काय, हे विचारा. परवान्याची प्रत मागवा. मग आपल्या गावातल्या डीलरकडे जा. पोस्टाच्या खिडकीवर जाऊ नका, आणि 'ओळखीचाच आहे' म्हणून सीमेपलीकडे हातातही ठेवू नका.

समीर सोमवारी डीलरकडे गेला. डीलरने दिलेली पावती अण्णांनी मागून घेतली, पिस्तुलाचा नंबर दोनदा ताडून पाहिला आणि ओहायोहून पोच आल्याचं कळेपर्यंत ती जपून ठेवली.